अनुभव धागा: ड्वार्फ सिक्लिड पाळताय? पाणी कुठलं, पिल्लं झाली का?

टाकीबहाद्दर (ठाणे):
गप्पी-मॉलीचा कंटाळा आलेल्या आणि ऑस्कर-फ्लॉवरहॉर्नला घरात जागा नसलेल्या मंडळींसाठी हा धागा, ड्वार्फ सिक्लिडचा, म्हणजे सिक्लिड कुळातल्या छोट्या माशांचा. एपिस्टो, रॅम, क्रिब, शेल ड्वेलर (शंखात राहणारे), या छोट्यांपैकी जे पाळलंय त्याबद्दल लिहा. फक्त नळाला पाणी कुठलं येतं तेही लिहा, कारण माझं स्पष्ट मत आहे की आधी मासा पसंत करायचा आणि मग त्याच्यासाठी आरओचे कॅन वाहत बसायचं यात काही राम नाही.

माझ्यापासून सुरुवात करतो. पालिकेचं पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शंभरच्या आत, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या माशांना हवं तसं मऊ, फक्त क्लोरीन घालवायचं. दोन फुटी टँकमध्ये कॉकाटू एपिस्टो, एक नर दोन माद्या. विकतच्या गुहा घेऊच नका, संक्रांतीची सुगडं असतातच घरात, ती आडवी करून वाळूत अर्धी पुरायची आणि वर सोसायटीतल्या देशी बदामाची वाळलेली पानं टाकायची, पाणी चहाच्या रंगाचं झालं तरी घाबरायचं नाही. मादी सुगडाच्या आत छताला अंडी चिकटवते आणि हळदीसारखी पिवळीधम्मक होते, मग तिच्या दुप्पट आकाराच्या नराला जवळ फिरकू देत नाही. पिल्लं पोहायला लागली की तिच्याकडे बघत बसा. धोका वाटला की पोटाखालचे काळे पर झटकन हलवते आणि सगळी पिल्लं तळाला बसून गप्प, वाळू कुठली पिल्लू कुठलं कळत नाही.

गोदाकाठ (छत्रपती संभाजीनगर):
तुमचं बरंय हो, आमच्याकडे बोअरचं पाणी, टीडीएस आठशेच्या वर, गीझरची कॉइलसुद्धा टिकत नाही. पण याच पाण्यात मल्टी म्हणजे आफ्रिकेतल्या टांगानिका तलावातले शेल ड्वेलर मस्त चाललेत, त्यांना पीएच आठच्या वर आणि जड पाणीच लागतं. मोठा नर जेमतेम दोन इंच. मामाच्या भातशेतातून मोठ्या गोगलगायींचे रिकामे शंख आणले, उकळून धुतले आणि बारीक वाळूवर नुसते टाकले, पुढचं काम त्यांनीच केलं, तोंडात वाळू भरभरून बाजूला थुंकायची आणि शंख स्वतःला हवा तसा पुरून घ्यायचा. मी शंख सरळ करून ठेवला की सकाळी परत आडवा. पिल्लं वेगळी काढायची भानगड नाही, मोठी पिल्लं बारक्यांसोबत तिथेच राहतात, पूर्ण गल्ली होते त्यांची.

ऑरेंजसिटी (नागपूर):
कॉकाटूवाल्यांसाठी एक गोष्ट. एपिस्टोमध्ये पिल्लांचं नर-मादी ठरण्यात तापमानाचा मोठा हात असतो, 23 अंशांच्या आसपास माद्या जास्त, 29 च्या पुढे नर जास्त. पहिल्या महिनाभरात काय ते ठरून जातं. आता आमच्या मे महिन्यात टँक 33 ला असतो, कूलरच्या समोर ठेवला तरी. उन्हाळ्यातली बॅच मोठी झाली तर जिकडे बघावं तिकडे नरच नर, एकमेकांवर पर फुलवून उभे. म्हणून आता उन्हाळ्यात ब्रीडिंग बंद, जोड्या वेगळ्या. दिवाळीनंतर हीटर 26 वर लावून सुरू करतो. आणि पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, तेव्हा एअर पंप चोवीस तास चालू पाहिजे, लाईट जाते तिथे बॅटरीवाला घ्याच.

सपाटदगड (डोंबिवली):
जर्मन ब्लू रॅमबद्दल कोणीतरी खरं लिहायला पाहिजे म्हणून लिहितेय. मासा देखणा, वादच नाही, पण दुकानात जो सगळ्यात झगमगीत दिसतो तो घेऊ नका. एका दुकानातून अगदी बोटभरही नसलेली पण पूर्ण रंगात आलेली पिल्लं घेतली होती, एक एक करून गेली. रंग यावा म्हणून हार्मोन देतात असं सगळेच म्हणतात. नंतर ओळखीच्या ब्रीडरकडून साधी फिकट पिल्लं आणून वाढवली, ती टिकली. रॅमला 28-29 लागतं, म्हणजे आपल्याकडे वर्षातले बरेच महिने हीटरशिवाय निभतं. सपाट दगडावर उघड्यावर अंडी घालतात आणि पहिल्या काही वेळा स्वतःच खाऊन टाकतात, नवीन जोडी असेल तर धीर धरा. ज्यांना एवढी नाजूक प्रकरणं नकोत त्यांनी बोलिव्हियन रॅम घ्या, रंग कमी पण चिवट.

माहेर_रत्नागिरी (कोची):
ताई, हार्मोनवाल्यांपेक्षा आपला देशी सिक्लिड बघा की! भारतात मूळच्या सिक्लिडच्या तीनच जाती. त्यातला कालुंदर, इथला करीमीन, आपण तळून खातो, पण त्याचा छोटा भाऊ ऑरेंज क्रोमाइड तीनेक इंचाचा, इथे पल्लत्ती म्हणतात. खाडीच्या मचूळ पाण्यातला असल्यामुळे मी जाडं मीठ थोडं टाकते, आयोडीनवालं नाही. पिल्लं आई-बापाच्या अंगाला टोचे मारत असतात, पहिल्यांदा बघून वाटलं चावतायत की काय, पण ती अंगावरचा चिकट थर खातात, ते त्यांचं अन्नच. रॅमइतकं कौतुक याचं का होत नाही कळत नाही, बहुतेक परदेशी नाव नाही म्हणून.

क्रिबकाका (पिंपरी):
नवीन माणसाने क्रिबपासून सुरुवात करावी. मध्यम पाणी चालतं, मादीचं पोट लालजांभळं झालं की समजायचं गुहेत काहीतरी शिजतंय. फार आम्ल पाणी झालं की नर जास्त निघतात एवढं लक्षात ठेवा. पिल्लांना ताजा बेबी ब्राइन श्रिंप (कोळंबीसारख्या बारीक जिवाची पिल्लं), त्याची अंडी घालायला उलटी बाटली, मिठाचं पाणी, एअरस्टोन, दुसऱ्या दिवशी तयार. अडचण वेगळीच आहे, पिल्लं जगतात सगळी आणि दुकानदार फुकटही घेत नाहीत. कोणाला हवी असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, घरी येऊन न्या, झाकणाचा डबा आपापला आणा, मागच्या वेळी बायकोचे डबे गेले ते परत आलेले नाहीत.