मदत हवी आहे: मराठी वाक्याचा वृक्ष नेमका कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात भाषाविज्ञान शिकतोय. वाक्यविन्यासाच्या (वाक्यरचनेच्या अभ्यासाच्या) सेमिनारला हौसेनं मराठी उदाहरणं घेतली आणि त्यांचे वृक्ष, म्हणजे वाक्याची रचना दाखवणाऱ्या फांद्यांच्या आकृत्या, काढताना तिथंच अडकलोय.

'आज्जीनं रंकाळ्यावर भेळ खाल्ली' इथवर ठीक. क्रियापद शेवटी, म्हणून एक्स-बार आकृतीत (पदबंध दाखवायची एक ठरलेली वृक्षपद्धत) शीर्ष, म्हणजे पदबंधाचा मुख्य शब्द, उजवीकडे. पण भाषावैज्ञानिक रिचर्ड केन यांच्या १९९४ च्या मांडणीनुसार सगळ्याच भाषांचा मूळ क्रम कर्ता-क्रियापद-कर्म. म्हणजे आपली भेळ सरकून डावीकडे आली! का सरकली, ते मला अजून पटलेलं नाही.

खरी गोची पुढं आहे. 'मला वाटतं की पाऊस येईल' यात उपवाक्य क्रियापदानंतर आणि 'की' त्याच्या सुरुवातीला. 'पाऊस येईल असं मला वाटतं' यात उपवाक्य आधी आणि 'असं' त्याच्या शेवटी. 'की पाऊस येईल मला वाटतं' मात्र कुणी म्हणत नाही. मग या दोन वेगळ्या रचना धरायच्या, की एकीतून दुसरी काढायची? भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्कींच्या १९९५ च्या मिनिमलिस्ट चौकटीत (कमीत कमी गृहीतकांत व्याकरण मांडणारा सिद्धांत) शब्दक्रम वृक्षात नसतोच, तो वाक्य उच्चारात उतरताना ठरतो. मग हा फरक दाखवायचा कुठं?

मराठी किंवा हिंदीवर असं काही वाचलं असेल तर सांगा. हातानं काढलेल्या आकृतीचा फोटो टाकलात तरी चालेल.