अनुभव धागा: अग्रलेखाने सावरलेले उमेदवार

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान) जवळ आल्या की तिथली बरीच वृत्तपत्रं अग्रलेखातून उघड सांगत आली आहेत, आमचा पाठिंबा अमक्याला. गटांगळ्या खाणारा उमेदवार अशा अग्रलेखाने पुन्हा शर्यतीत आलेला कुणी जवळून पाहिलाय का? आयोवा, न्यू हॅम्पशायरच्या मंडळींनी जरूर लिहा. टीव्हीवरचं नको, शेजारीपाजारी, ऑफिसात काय घडलं ते हवंय.

डि मॉइन, आयोवा
११ जानेवारी २००४, रविवार. 'डि मॉइन रजिस्टर' या इथल्या वृत्तपत्राने डेमोक्रॅटिक पक्षाच्या जॉन एडवर्ड्सना पाठिंबा दिला. तोवर बोलबाला त्याच पक्षाच्या हॉवर्ड डीन आणि डिक गेपहार्टचा, दोघं जाहिरातींतून एकमेकांवर तुटून पडलेले. एडवर्ड्सना कुणी खिजगणतीत धरत नव्हतं. आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका पक्क्या गेपहार्टवाल्या. त्यांनी ते पान कापून फ्रिजवर लावलं आणि त्याच आठवड्यात एडवर्ड्सचं 'दोन अमेरिका' भाषण ऐकून आल्या. १९ तारखेच्या कॉकसला (लोकांनी एकत्र जमून पक्षाचा उमेदवार निवडायची सभा) मलाही घेऊन गेल्या. मी तेव्हा नागरिक नव्हते, भिंतीशी उभी राहून बघत होते. शाळेच्या जिममध्ये प्रत्येक उमेदवाराचा एक कोपरा. १५ टक्के माणसं जमली नाहीत तर तो गट मोडायचा आणि लोक दुसऱ्या कोपऱ्यात जायचे. गेपहार्टचा कोपरा काही भरेना. बाई पलीकडून जुन्या मैत्रिणींना हाका मारत होत्या, "रजिस्टर वाचलंस ना? मग ये की इकडे!" दोघी गेल्यासुद्धा. राज्यात जॉन केरी ३८ टक्के, एडवर्ड्स ३२, डीन १८. भांडणांना लोक विटलेच होते, पण विटलेल्यांनी जायचं कुठे, ते त्या अग्रलेखाने सांगितलं असं मला ठामपणे वाटतं.

नॅशुआ, न्यू हॅम्पशायर
माझी नोंद कुठल्याच पक्षात नाही. इथे अशा मतदाराला कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. २००७ च्या जुलैत रिपब्लिकन पक्षाचे जॉन मॅकेन यांची तिजोरी रिकामी, वरची माणसं सोडून गेलेली. डिसेंबरमध्ये आधी आमच्या राज्यातलं 'युनियन लीडर' आणि मग 'बॉस्टन ग्लोब' त्यांच्या बाजूने उभे राहिले. पहिलं कडवं उजवं, दुसरं उदारमतवादी! आमच्या ऑफिसात दोन्हींचे वाचक, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर मॅकेन हे नाव पुन्हा निघू लागलं. मी ओबामांकडे झुकलो होतो, तरी मॅकेन यांच्या सभेला गेलो. एक जण इराकवरून तावातावाने बोलला, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग उत्तर दिलं. मत त्यांनाच दिलं. ८ जानेवारीच्या प्रायमरीत मॅकेन ३७ टक्के, त्यांचे प्रतिस्पर्धी रॉम्नी ३२.

सीडर रॅपिड्स, आयोवा
वरच्याला जोड: त्याच डिसेंबरात 'रजिस्टर'नेही मॅकेन यांना पाठिंबा दिला होता. पण आयोवात त्यांचं बळ लागलंच नव्हतं. आमच्या दारावर त्यांचा एकही कार्यकर्ता आला नाही. १३ टक्के, चौथा नंबर.

मँचेस्टर, न्यू हॅम्पशायर
'युनियन लीडर'ने पुढे रिपब्लिकन न्यूट गिंग्रिच यांना उचलून धरलं, २०१२ मध्ये त्यांना इथे ९ टक्के. मग त्याच पक्षाचे ख्रिस क्रिस्टी. ते तर इथे ठाण मांडून होते, तरी २०१६ ला ७ टक्क्यांवर सहावे. तेव्हा नुसतं गावोगाव फिरूनही भागत नाही.

कॉनकॉर्ड, न्यू हॅम्पशायर
२०२०, डेमोक्रॅटिक पक्षाच्या एमी क्लोबुचर. जानेवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'युनियन लीडर' दोघांचा पाठिंबा. माझ्या बहिणीने त्यांचं नाव तेव्हा मनावर घेतलं आणि ७ फेब्रुवारीची वादसभा खास त्यांच्यासाठी पाहिली. त्या रात्री त्या फारच छान बोलल्या. प्रायमरीत सुमारे २० टक्के घेऊन तिसऱ्या आल्या. 'टाइम्स'च्या त्याच अग्रलेखात एलिझाबेथ वॉरेन यांनाही पाठिंबा होता. त्या ९ टक्क्यांवर चौथ्या राहिल्या.