जॅक रसेल टेरियर शिकवायला सोपं की डोक्याला ताप?

राजारामपुरीकर:
अडीच महिन्यांचं जॅक रसेल आणायचं ठरतंय. पहिल्या मजल्यावर फ्लॅट, गल्लीत पाच-सहा भटकी कुत्री, घरात आजी. विकणारा म्हणतोय, 'लहान कुत्रं, पटकन शिकतंय.' खरंय का? शी-शू, चावणं आणि हाक मारली की येणं, एवढं तरी जमावं.

पट्टा_आणि_शिट्टी:
शिकतंय पटकन, ऐकतंय मात्र आपल्या मर्जीनं. इंग्लंडात कोल्ह्याला बिळातून हुसकायला ही जात तयार केली. मालक वर, कुत्रं जमिनीखाली, मग विचारणार कुणाला? 'बस' दोन दिवसांत येईल, पण समोरनं घूस पळाली की तेच 'बस' कानात शिरणार नाही.

आधी शी-शू. झोपेतून उठल्यावर, खेळ थांबल्यावर लगेच आणि खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ठरलेल्या जागी न्यायचं. या वयात दिवसा फार तर दोन-तीन तास धरवतं. खाऊ तिथंच, केल्या केल्या. घरात येऊन दिला तर त्याला वाटतं, बक्षीस जिना चढल्याचं आहे. घरात झालं तर ओरडू नका, नाक घासू नका. पुढच्या वेळी ते सोफ्यामागं लपून करतंय. एन्झाइमवाल्या क्लीनरनं पुसा, वास राहिला की पुन्हा तीच जागा धरतंय.

लसीचे डोस पुरे होईपर्यंत रस्त्यावर सोडायचं नाही (पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची लागण होते), पण उचलून गल्ली, रिक्षा, हॉर्न दाखवाच. साधारण 14 आठवड्यांपर्यंत जे बघितलं, त्याची भीती पुढं कमी राहते. घुशी-उंदरांमागं लागणारी जात, म्हणून लेप्टोच्या (उंदरांच्या लघवीतनं पसरणारा आजार) लसीचं डॉक्टरांना विचारा.

चपलाचोर:
चावण्याचं. दात चौथ्या ते सहाव्या महिन्यात बदलतात, तोवर चघळणारच. हाताला लागलं की खेळ बंद, पंधरा-वीस सेकंद उठून जायचं, परत आल्यावर दोरी पुढं करायची. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं. एकजण हातानं मस्ती करत राहिला तर सगळं फुकट. आजींच्या निऱ्या हलल्या की तोंड घालणार. त्यांनी जागीच थांबावं, झटका देऊन साडी सोडवू नये, त्याला तो रस्सीखेचच वाटतो.

आणि कोल्हापुरी चपला माळ्यावर! जुनी फाटकी म्हणून एक दिलीत, तर नवीचंही तेच होणार. चामड्याचा वास तोच की.

पट्टा_आणि_शिट्टी:
हाकेचं राहिलं. गळ्यात नको, छातीला हार्नेस आणि आठ-दहा मीटरची दोरी. घरात नाव एकदाच घ्यायचं, दोन पावलं मागं पळायचं, आलं की वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा, आणि परत खेळायला सोडायचं. हे सोडणं लोक विसरतात. हाक मारून दर वेळी आंघोळीला किंवा घरी नेलं तर हाक म्हणजे शिक्षा. तीन-चार मिनिटांचा धडा, दिवसातनं चारदा. दहातनं नऊ वेळा आलं की गच्चीवर, मग मोकळ्या मैदानात. रंकाळा तलावावर लगेच नको, भेळेचे कागद आणि बगळे तुम्हाला हरवतील. पाठलाग सुरू झाल्यावर हाका मारत बसू नका, दोरीवर पाय द्या.

राजारामपुरीकर:
चिकनऐवजी पांढऱ्या रश्शातलं मटण चालेल? रविवारी उरतंय.

चपलाचोर:
नाही! कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, आणि शिजलेलं हाड चिरफळून आतड्यात रुततं. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, नाहीतर पनीर. रस्सा तुम्हीच प्या.