वजन ‘जादा’ माझे, पण साखर पत्नीची वाढलेली: बीएमआय कितपत ग्राह्य धरावा?

शाहूपुरीकर

नमस्कार. आमच्या व्यापारी मंडळाने भरवलेल्या तपासणी शिबिरात मी आणि माझी पत्नी, आम्ही दोघांनीही तपासणी करून घेतली. माझे वय 44, उंची 170 सें.मी. आणि वजन 86 किलो असून अहवालात बीएमआय (किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) 29.8 आणि त्यापुढे ‘जादा वजन’ असा शेरा आहे. पत्नीचे वय 41, उंची 155 सें.मी. आणि वजन 58 किलो. तिचा बीएमआय 24.1 आणि शेरा ‘नॉर्मल’. मात्र गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए1सी ही तपासणी माझी 5.8, तर तिची 6.1 आली आहे.

तरुणपणी मी तालमीत होतो, त्यामुळे माझे वजन हाडापेराचे आहे अशी माझी समजूत आहे. पँटची कंबरही 36 इंचच आहे. पत्नी अनेक वर्षे थायरॉइडची गोळी घेते आणि तिचे पोट थोडे सुटले आहे ते त्यामुळेच, असे घरातील सर्वजण मानतात. बीएमआयवर विश्वास ठेवावा की नाही, आणि ज्याचे वजन ‘नॉर्मल’ आहे त्याची साखर का वाढावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

फॅमिली डॉक्टर, राजारामपुरी

अहवालातील दोन्ही शेरे आंतरराष्ट्रीय मर्यादांवरून दिलेले दिसतात. त्यांनुसार 25 पासून जादा वजन आणि 30 पासून लठ्ठपणा धरतात. भारतीयांसाठी 2009 मध्ये येथील तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेल्या मर्यादा अनुक्रमे 23 आणि 25 अशा आहेत. त्या लावल्या तर आपण लठ्ठपणाच्या गटात जाता आणि वहिनी ‘नॉर्मल’मधून जादा वजनाच्या गटात येतात. एचबीए1सी 5.7 ते 6.4 असल्यास त्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. तेव्हा तुम्ही दोघेही त्या अवस्थेत आहात.

मर्यादा वेगळ्या ठेवण्याचे कारण आपल्या शरीराच्या घडणीत आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, म्हणजे 22.3 होता, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे 9.1 टक्के, तर याज्ञिक यांचे 21.2 टक्के होते. याज्ञिक यांच्या गटाने पुणे जिल्ह्यातील खेड्यांत केलेल्या अभ्यासात तर असे आढळले की, आपल्याकडील नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरतात, पण ही तूट मुख्यतः स्नायू आणि अंतर्गत अवयवांत असते; चरबी त्या मानाने टिकून राहते.

आता साखरेविषयी. त्वचेखालील चरबी हे शरीराचे सुरक्षित कोठार आहे. ते आपल्यात लवकर भरते आणि त्यानंतर येणारी चरबी आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात व स्नायूंत साठू लागते. पोटातील या चरबीतून सुटणारी मेदाम्ले प्रवेशिका शिरेतून थेट यकृतात पोहोचतात, यकृत इन्सुलिनला दाद देईनासे होते, रक्तात साखर आणि ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढतात आणि रक्तदाबही चढू लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीत बीएमआयनुसार लठ्ठ ठरलेले 28.6 टक्के, तर पोटाच्या घेरानुसार लठ्ठ ठरलेले 39.5 टक्के निघाले. वहिनींसारखी माणसे या दोन आकड्यांमधल्या फरकात दडलेली असतात.

म्हणून घेर मोजा, मात्र पँटच्या मापावरून नव्हे. सुटलेल्या पोटाखाली पट्टा बांधणाऱ्याची पँट वर्षानुवर्षे त्याच मापाची राहते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता टेप धरावा. पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सें.मी.च्या पुढे धोका समजावा. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा आणखी एक सोपा आडाखा आहे.

थायरॉइडवर अनेकदा अन्याय होतो असे माझे मत आहे. थायरॉइड मंद झाल्याने वाढणारे वजन सहसा दोन ते पाच किलो असते आणि त्यातही मीठ व पाणी यांचाच भाग मोठा असतो. गोळीने टीएसएच (थायरॉइडचे काम दाखवणारी रक्ततपासणी) योग्य पातळीत आलेला असेल, तर पोटाच्या घेराचे खापर त्या ग्रंथीवर फोडता येत नाही.

लाल मातीचा

बीएमआय केवळ वजन आणि उंची जाणतो, त्यामुळे तालमीतला मेहनत करणारा गडी त्याच्या लेखी लठ्ठ ठरतो, हे खरेच आहे. परंतु ही सूट ज्याची मेहनत आजही चालू आहे त्यालाच घेता येते. आमच्या तालमीत पन्नाशीच्या आसपासची बरीच जुनी मंडळी येऊन बसतात. कुस्ती सुटली, जोर-बैठका सुटल्या, पण पहाटेचे दूध, तूप, बदामाची थंडाई आणि रविवारचा तांबडा-पांढरा तसाच राहिला. अशा माणसाचे वजन खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरत होता तेव्हा होते तेवढेच आज भरले, तरी त्यातील स्नायूंची जागा चरबीने घेतलेली असते आणि काट्याला त्याचा पत्ता लागत नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलण्याचे सर्वांत मोठे काम स्नायूच करतात, त्यामुळे हे नुकसान दुहेरी होते.

शाहूपुरीकरांनी नुसते रंकाळ्याला फेऱ्या मारण्यावर थांबू नये. आठवड्यातून दोन-तीनदा वजने उचलणे किंवा बैठका हव्यातच, मात्र रक्तदाब आणि हृदय तपासून घेतल्यावर, आणि जुन्या आकड्यांची आठवण न काढता. जिममधील चरबी दाखवणाऱ्या यंत्रावर फार विसंबू नये. पाणी किती प्यायलो यावरही त्याचा आकडा हलतो.

गोशिमा ते घर

माझी कामाची पाळी रात्रीची असते, म्हणून वजन वाढण्याच्या कारणांविषयी थोडे लिहिते. जास्त खाल्ले आणि कमी हालचाल केली एवढ्यावर हा विषय संपत असता, तर एकाच डब्यातले जेवणाऱ्या दोन बहिणींत एक सडपातळ आणि दुसरी लठ्ठ का, याचे उत्तर मिळाले नसते. जुळ्यांच्या अभ्यासांवरून बीएमआयमधील निम्म्याच्या आसपास फरक आनुवंशिक मानला जातो. झोप अपुरी झाली की भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते, तृप्ती सांगणारे लेप्टिन हे संप्रेरक घटते, आणि पहाटे चार वाजता कँटीनमधील वडा नको म्हणणे कठीण होऊन बसते. काही औषधेही वजन वाढवतात: स्टेरॉइड, मधुमेहावरील इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, मानसिक आजारांवरील ओलान्झापिन, फिट्सवरील व्हॅल्प्रोएट. ती आपल्या मनाने बंद करू नयेत. पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. स्त्रियांत पीसीओएस हा बीजांडकोश व संप्रेरकांचा विकारही पाहावा लागतो.

वजन उतरवल्यावर ते परत का चढते, याची लाज वाटून घेण्याचे कारण नाही. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने 1994 मध्ये लेप्टिनचा शोध लावला, तेव्हा त्याचे इंजेक्शन दिले की लठ्ठपणा सरेल अशी आशा निर्माण झाली होती. परंतु बहुतेक लठ्ठ माणसांत लेप्टिन आधीच भरपूर असते आणि मेंदू त्याला जुमानत नाही, असे दिसून आले. वजन उतरले की लेप्टिन घसरते, मेंदू ही उपासमार समजतो, भूक वाढवतो आणि विश्रांतीच्या वेळी जळणारी ऊर्जाही कमी करतो. हा परिणाम वर्षभरानंतरही टिकतो.

शाहूपुरीकर

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे टेपने मोजले असता माझा घेर 103 सें.मी. आणि पत्नीचा 87 सें.मी. भरला, म्हणजे दोघेही मर्यादेच्या बाहेर आहोत. पत्नीचा टीएसएच योग्य पातळीत आहे. सध्या सर्वत्र चर्चा असलेली वजन उतरवणारी इंजेक्शने आम्हाला उपयोगी पडतील का? तसेच पत्नीचे म्हणणे आहे की मी फार घोरतो आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो. याचा वजनाशी संबंध असतो का?

फॅमिली डॉक्टर, राजारामपुरी

इंजेक्शनांविषयी थोडक्यात सांगतो. त्यांपैकी सेमाग्लुटाइड या औषधाच्या मुख्य चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास वजन उतरले, आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातील दोन तृतीयांश परत आले. टिर्झेपेटाइड हे असेच दुसरे औषधही 2025 पासून भारतात मिळते. ही औषधे कामाची आहेत, पण तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि दीर्घकाळ घेण्याची आहेत. वहिनींना तरी आज त्यांची गरज दिसत नाही. मधुमेहपूर्व अवस्थेत शरीराच्या वजनाच्या पाच ते सात टक्के, म्हणजे त्यांच्या बाबतीत तीन-चार किलो उतरले, तरी मधुमेह होण्याची शक्यता लक्षणीयरीत्या कमी होते. आपण दोघांनीही यकृताची सोनोग्राफी, लिपिड (रक्तातील चरबी) आणि रक्तदाब एवढे पाहून घ्यावे. चरबीयुक्त यकृत बहुधा काहीच त्रास देत नाही, त्यामुळे ते शोधावे लागते. गुडघे आणि पित्ताशयातील खडे यांची तक्रार असेल तर तेही सांगा.

मला अधिक काळजी वाटते ती घोरण्याची. मानेभोवती आणि जिभेत साठलेली चरबी झोपेत घसा दाबते, श्वास काही सेकंद थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो. असे रात्रीतून अनेकदा घडते. यातून रक्तदाब औषधांना न जुमानणारा होऊ शकतो आणि दिवसा डुलक्या येतात. गळ्याचा घेर मोजा. तो 40 सें.मी.हून अधिक असल्यास संशय बळावतो. रात्री यंत्र लावून केलेली झोपेची तपासणी केली की निदान होते, आणि गरज पडल्यास सीपॅप नावाच्या यंत्राने श्वासमार्ग उघडा ठेवता येतो. व्यापारासाठी आपण निपाणी-बेळगावकडे स्वतः गाडी चालवत जात असाल आणि वाटेत डोळा लागल्यासारखे होत असेल, तर तपासणी होईपर्यंत चालक सोबत घ्यावा आणि झोपेची तपासणी याच आठवड्यात करून घ्यावी.