पत्रिकेत मुहूर्त ३७ चा ३३ झाला: रॅम खराब आहे का, आणि माझी रॅम डीडीआर३ की डीडीआर४?

छपाईवाली (बार्शी)

नमस्कार. मी बारा वर्षं डीटीपी करते, लग्नपत्रिका जास्त. तुळशीचं लग्न झाल्यापासून श्वास घ्यायला वेळ नाही आणि त्यात हे झालंय.

मागच्या आठवड्यात ३०० पत्रिका छापल्या. प्रूफवर मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटं, त्यावर मुलाच्या वडिलांची सही. छापून आलं १२ वाजून ३३. फाइल उघडली तर तिच्यातही ३३. मी त्या ओळीला हातही लावलेला नव्हता. गठ्ठे बांधताना नजर गेली म्हणून निभावलं, नाहीतर त्या पत्रिका गावभर गेल्या असत्या. पदरचे पैसे घालून पुन्हा छापून दिल्या.

त्याशिवाय महिनाभर निळा स्क्रीन येतोय, कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी दुसरंच काही. पेनड्राइव्हवर कॉपी केलेली झिप फाइल कधीकधी उघडत नाही. इथल्या एका दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटं बघून सांगितलं, मदरबोर्ड गेलाय, बदला. हवं तर नवी रॅम टाकून बघू, पण ती डीडीआर३ (डीडीआर४ च्या आधीचा, जुना प्रकार) लागेल म्हणाला. विंडोजची मेमरी तपासणी चालवली, तिच्यात दोष निघाला नाही.

मशीनचा प्रोसेसर आय५ ६५००, रॅम १६ जीबी. आधी एकच ८ ची पट्टी होती, जूनमध्ये दुसरी ८ ची टाकली. सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फ्रिक्वेन्सी १०६६ दिसते, म्हणजे काय तेही कळत नाही. बोर्डाचा खर्च करण्याआधी खात्री करायची आहे. कशी करू?

पट्टीबदल (पुणे)

ताई, बोर्ड बदलू नका, थांबा. हार्डवेअरच्या कामात मला पंधरा वर्षं झाली. तुम्ही लिहिलेलं सगळं आधी रॅमकडे बोट दाखवतं, त्यातही जूनमधल्या पट्टीकडे.

प्रकार आधी. तुमचा आय५ ६५०० हा सहाव्या पिढीचा प्रोसेसर डीडीआर३एल (कमी व्होल्टवर चालणारी डीडीआर३) आणि डीडीआर४ दोन्ही चालवतो, बोर्ड कुठला त्यावर ठरतं. म्हणून नुसता प्रोसेसर ऐकून 'डीडीआर३' म्हणणं चूक. सीपीयू-झेडच्या 'मेमरी' टॅबमध्ये वरच 'टाइप' लिहिलेला असतो. 'एसपीडी' टॅबमध्ये स्लॉट निवडला की त्या पट्टीचा मेकर आणि पार्ट नंबर दिसतो. १०६६ बघून घाबरू नका, डीडीआर एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, म्हणून त्याची दुप्पट धरायची: २१३३. तुमचा प्रोसेसर डीडीआर४ ला तेवढाच वेग देतो, पट्टी २४०० ची असली तरी.

पक्की खात्री पट्टीवरच्या लेबलाने होते. 'पीसी३' म्हणजे डीडीआर३, 'पीसी३एल' म्हणजे तीच पण १.३५ व्होल्टवर चालणारी, 'पीसी४' म्हणजे डीडीआर४. डेस्कटॉपच्या डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ ला २८८, आणि खाचही वेगळ्या जागी. चुकीची पट्टी बसणारच नाही, जोर लावू नका.

आता दोष. विंडोजची तपासणी पास झाली यावर विसंबू नका, ती बऱ्याचदा वरवर बघते. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम फुकट आहे. मोकळ्या पेनड्राइव्हवर टाका (आधीचं सगळं पुसलं जाईल) आणि त्यावरून मशीन सुरू करा. सुरू होत नसेल तर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, पण बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. रात्री लावून झोपा. १६ जीबीला एक फेरी व्हायला बराच वेळ जातो आणि एका फेरीवर समाधान मानायचं नाही. चूक सापडल्याची एक जरी लाल ओळ आली तरी ती रॅम पत्रिकेच्या कामाला नालायक.

जुनं खोडरबर (सोलापूर)

आधी पट्ट्या काढून सोनेरी पिना खोडरबराने पुसा. माझ्या निम्म्या केसेस तिथेच मिटतात.

पट्टीबदल (पुणे)

हे बरोबर आहे, फक्त पुसल्यावर रबराचा चुरा मऊ ब्रशने झाडा, तो स्लॉटमध्ये गेला तर नवीनच दुखणं. आणि ताई, प्लग काढून, पॉवर बटण दोन-चार सेकंद दाबून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच पट्टीला हात.

छपाईवाली (बार्शी)

केलं सगळं. लेबलवर '८जीबी १आरएक्स८ पीसी४-२४००टी-यूए२-११'. डीडीआर४ च आहे! दुसरीही पीसी४.

पिना पुसून मेमटेस्ट लावला. पहिली फेरी कोरी गेली, वाटलं आपलंच चुकलं असेल. पहाटे चारला उठून बघितलं तर स्क्रीनभर लाल ओळी. फोटो काढलाय. 'एक्स्पेक्टेड'मध्ये सगळे एफ, 'फाउंड'मध्ये शेवटच्या एफच्या जागी बी. पत्ते वेगवेगळे, पण फरक प्रत्येक ओळीत हाच.

मग एकेक पट्टी, त्याच स्लॉटमध्ये, एकेक रात्र. जुनी पट्टी चार फेऱ्या स्वच्छ. जूनमधली दुसऱ्या फेरीत लाल. तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकली तरी लाल.

पट्टीबदल (पुणे)

याहून स्वच्छ निकाल नाही. दोष पट्टीबरोबर फिरला, म्हणजे स्लॉट आणि बोर्ड दोन्ही सुटले. पट्टी वॉरंटीत द्या, जूनची आहे म्हणजे मिळायला हवी. लाल ओळींचा फोटो सोबत द्या.

आता तुमचा मुहूर्त. मशीन सगळं ० आणि १ मध्ये, म्हणजे बिटांत, साठवतं. एफ म्हणजे ११११, बी म्हणजे १०११. एक ठरावीक बिट १ असायला हवा तिथे ० होतोय. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला एक कोड देणारी पद्धत) ७ च्या कोडचे शेवटचे चार बिट ११०१, ३ चे १००१. तोच बिट पडला की ७ चा ३! ही चूक याच पट्टीची होती असं मी शपथेवर सांगू शकत नाही, पण खूण जुळते. याच बिटाने ६ चा २, ८ चा ४, ९ चा ५ होतो. अक्षरांत म चा प आणि ब चा न. जूनपासून या मशीनवर सेव्ह केलेल्या फाइली तपासा आणि याच अक्षरांवर बोट ठेवून वाचा. पट्टी काढली तरी फाइलीत शिरलेली चूक तिथेच राहते.

छपाईवाली (बार्शी)

दादा, हे वाचून अंगावर काटा आला. आणि राग पण, कारण त्या दिवसापासून मी स्वतःलाच दोष देत होते की डोळे गेले म्हणून.

पट्टी काढून पाकिटात घातली, वर लाल पेनाने 'खराब' लिहिलं. ८ जीबीवर काम थोडं संथ आहे, पण चार दिवसांत एकही निळा स्क्रीन नाही.

जूनपासूनच्या ४१ फाइली आहेत. सही झालेले प्रूफ मी फेकत नाही, ते कामाला आले. रात्री जेवणं झाली की मुलगी प्रूफ मोठ्याने वाचते आणि मी स्क्रीनवर बोट फिरवते, म आणि ७ आला की ती मुद्दाम थांबते. २६ झाल्या. दोन उघडल्याच नाहीत, त्या प्रूफ बघून नव्याने टाइप करायला घेतल्यात. उरलेल्या पंधरात एक वास्तुशांतीची आहे, ती परवा छपाईला जायचीय, म्हणून आज तिच्यापासून सुरुवात.