लॅपटॉप घ्यायलाही प्रोजेक्ट उघडायचा का?

लेजरवाला:
आमच्याकडे एसएपीत, म्हणजे कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, नवा फतवा निघालाय, कॅपेक्सची (भांडवली खर्चाची) कुठलीही खरेदी असू दे, आधी प्रोजेक्ट उघडायचा, डब्ल्यूबीएसवर (प्रोजेक्टमधल्या कामाच्या खात्यावर) बजेट टाकायचं, मगच पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर. नवी लाइन उभारताय तर ठीके, पण तयार लॅपटॉपला हे कशाला? वस्तू आली, लगेच वापरात, थेट असेटवर, म्हणजे मालमत्तेच्या खात्यावर, बुक करा नि मोकळे व्हा. निव्वळ द्राविडी प्राणायाम आहे हा.

बजेटरक्षक:
साफ चूक. थेट असेटवर टाकलं की पैसे गेल्यावर कळतं. प्रोजेक्टवर पीओ केला की कमिटमेंट म्हणून तेवढं बजेट तिथेच अडकतं, बिल यायची वाट बघत नाही, आणि लिमिट नीट सेट केलं असेल तर पुढचा पीओ सेव्हच होत नाही. तुमच्या पद्धतीत वर्षअखेरीला एक्सेल जुळवत बसा, ते पण कुणाच्यातरी डेस्कटॉपवर पडलेलं.

लेजरवाला:
अहो असेट मास्टरला (मालमत्तेच्या मूळ नोंदीला) स्टॅटिस्टिकल ऑर्डर, म्हणजे फक्त खर्चावर नजर ठेवणारं खातं, जोडता येते की! खरी पोस्टिंग असेटवर, बजेट चेक ऑर्डरवर. सेटलमेंटची, म्हणजे प्रोजेक्टवरचा खर्च नंतर असेटवर वळवायची, कटकटच नाही.

बजेटरक्षक:
हं, लॅपटॉपपुरतं मान्य. पण मशीन बसवताना फाउंडेशन, केबल, क्रेनचं भाडं, आपल्याच इंजिनिअरचे तास, हे सगळं मिळून एका मशीनची किंमत होते, ते असेट अंडर कन्स्ट्रक्शनमध्येच, म्हणजे अजून उभ्या होत असलेल्या मालमत्तेच्या खात्यातच, जमायला हवं.

साइटवरून:
जमतं हो, बाहेर कोण काढतं? माझ्या आधीच्या कंपनीत मशीन धडाधड माल काढत होतं आणि बुकात अजून 'अंडर कन्स्ट्रक्शन', का तर शेवटचं एक बिल यायचंय म्हणून सेटल केलं नाही. आयएएस १६ या आंतरराष्ट्रीय लेखा मानकाप्रमाणे मशीन वापरायला तयार झालं तेव्हापासून घसारा, बिलं संपल्यावर नाही. ऑडिटरने पकडलं आणि साठलेला सगळा घसारा एकाच महिन्यात बसला. वर ऑपरेटरच्या ट्रेनिंगचा खर्चही त्याच डब्ल्यूबीएसवर, जो कॅपिटलाइझ करताच येत नाही, म्हणजे मशीनच्या किमतीत धरताच येत नाही.

लेजरवाला:
हेच म्हणतोय मी, प्रोजेक्ट म्हणजे अडगळीचं कपाट होतं.

साइटवरून:
मग कपाटाची चावी कुणाकडे? कमिशनिंगची (मशीन चालू झाल्याची) तारीख मला माहीत, सेटलमेंट रूलमध्ये फायनल असेट टाकणार तुम्ही, आणि मधे कुणी कुणाला विचारत नाही. आयएएस १६ मध्ये २०२२ पासून ट्रायलमध्ये निघालेला माल विकला तर ते पैसे मशीनच्या किमतीतून वजा होत नाहीत, सरळ नफा-तोट्यात जातात, हे तरी साइटला कुणी सांगितलं?

बजेटरक्षक:
तारीख मेल करायची ना मग.

साइटवरून:
केली होती. तीनदा.