चिकुनगुन्या नेणारा डास नेमका कोणता, हे ठरवतात कसं?

प्रश्न (निलंगा तालुका)
आमच्या गल्लीत घरटी एकजण तरी सांधे धरून बसलाय. रक्त तपासलं, चिकुनगुन्या निघाला. नालीवर धूर मारून झाला. आई म्हणते, "रातच्याला फोडून खाणारे डास नालीतलेच की, तेच आणत असतील." घरात तर दोन-तीन तऱ्हेचे डास दिसतात. यातला रोग पसरवणारा कोणता, हे शोधतात कसं? डासात विषाणू सापडला की झालं का?

उत्तर (निवृत्त कीटक समाहारक, धाराशिव)
तेवढ्यानं होत नाही. नोकरीभर नळी आणि बॅटरी घेऊन घराघरांत डास धरले, 2006 ला मराठवाड्यात चिकुनगुन्याची साथ आली तेव्हाही. धरलेले डास आधी जातीप्रमाणे निवडायचे, मग नर-मादी वेगळे करायचे; रक्त फक्त मादी पिते. एकेका जातीच्या माद्यांचे गट गार डब्यातून प्रयोगशाळेत जातात आणि तिथं त्यांचा लगदा करून विषाणू शोधतात.

गोम पुढं आहे. तापाच्या रुग्णाला नुकताच चावलेला कुठलाही डास घ्या, त्याच्या पोटातल्या रक्तात विषाणू सापडू शकतो. नालीतल्या क्युलेक्स जातीच्या डासामध्येसुद्धा! म्हणून पोट बाजूला काढून डोकं आणि पाय वेगळे तपासतात. आतड्याची भिंत ओलांडून विषाणू लाळेत उतरला तरच तो दुसऱ्या माणसात जाणार. हे पक्कं करायला प्रयोगशाळेत वाढवलेल्या डासांना विषाणू मिसळलेलं रक्त पाजतात आणि काही दिवसांनी त्यांची लाळ तपासतात. ब्राझीलमध्ये झिका या डासांतूनच पसरणाऱ्या दुसऱ्या विषाणूची साथ आली तेव्हा क्युलेक्सवरही संशय होता, पण बहुतेक प्रयोगांत त्याच्या लाळेत झिका उतरलाच नाही.

उत्तर (प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, संभाजीनगर)
काकांच्या म्हणण्यात एक भर. एकदा ठरलेला डास कायम तोच राहील असं नाही. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर 2005-06 च्या साथीत चिकुनगुन्याच्या विषाणूत एक बारीक बदल झाला आणि तो एडिस अल्बोपिक्टस नावाच्या डासामध्ये जास्त चांगला वाढू लागला. तिथं रोग पसरवला तो या डासानं. त्यामुळं साथ आली की डास पुन्हा तपासावेच लागतात.

प्रश्नकर्ता
मग आमच्या गावात कुणावर नजर ठेवू? नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, रांजण-ड्रम भरून ठेवल्याशिवाय भागत नाही.

उत्तर (निवृत्त कीटक समाहारक, धाराशिव)
काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा एडिस इजिप्ती. आपल्या गावांत मुख्य वाहक तोच. त्याला नाली लागत नाही, तुमच्या रांजणातलं स्वच्छ पाणी लागतं. आईंना सांगा, रातचे डास वेगळे. पाणी साठवू नका असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? पण ड्रमच्या तोंडाला जुनं धोतर घट्ट बांधा, हौदात गप्पी मासे सोडा. आणि भांडं रिकामं झालं की आतली कड काथ्यानं खसाखसा घासा. एडिसची अंडी तिथंच चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन् महिने जगतात आणि पाणी भरलं की त्यांतून अळ्या निघतात.